पाव्हण्याची आंघोळ

शेळीचं दूध चहाला चालतं, लेकराला चालतं, तोंड आलं तर तोंडात धरायलाही चालतं. पण त्याचा साबण करायचा आणि तो अंगाला फासून मोरीत वाहून जाऊ द्यायचा, हे आसराबाईच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. वाटूरच्या शिवारात, रस्त्यापासून आतल्या वस्तीवर, तिच्या सासूनं आणि सासूच्या सासूनं जन्मभर शेळ्यामेंढ्या राखल्या. त्यातल्या एकीलाही दुधानं अंग धुवायची बुद्धी झाली नव्हती. आता ती सुनेला झाली होती, आणि सुनेला झालेल्या बुद्धीपुढे सासूचं काय चालतं?

सून म्हणजे छकुली. बचत गटाच्या बायकांबरोबर जालन्याला शिबिराला काय गेली, येताना रबरी हातमोजे, डोळ्यांवर लावायचा मोठा चष्मा आणि वजनकाटा घेऊन आली. आसराबाईला वाटलं, पोरगी साबण शिकायला गेली आणि डॉक्टरीण होऊन आली. दुसऱ्याच दिवशी तिनं शेळीचं दूध फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दगडासारखं गोठवलं. मग अंगणात वाऱ्याकडे पाठ करून बसली आणि स्टीलच्या पातेल्यातल्या त्या दुधाच्या खड्यांवर चमच्याचमच्यानं कॉस्टिक सोडा टाकू लागली. घाई केली की दूध करपतं, म्हणाली. आणि खरंच पहिल्या खेपेला करपलं. विटकरी रंगाचा, उग्र वासाचा साबण झाला. तो तिनं एका पोत्यात भरून कोपऱ्यात ढकलला. दुसऱ्या खेपेला मात्र जमलं. खोबरेल आणि एरंडेल कोमट करून त्यात ओतलं, पिठलं दाटेपर्यंत घोटावं तसं घोटलं, कागद घातलेल्या लाकडी खोक्यात ओतलं आणि दुसऱ्या दिवशी सुरीनं वड्या पाडल्या. पांढऱ्या, किंचित पिवळसर, नजर लागावी अशा वड्या.

आसराबाईनं विचारलं, आता अंगाला लावायचा का? तर नाही. आता तो महिनाभर फळीवर वाळवायचा.

"म्हयनाभर वाळवायचा? मंग साबण हाय का कुरडया?" आसराबाई म्हणाली.

छकुली हसली. सासूचं बोलणं ती मनावर घेत नसे, म्हणून तर त्या घरात दोघींचं जमत होतं. फळीवरच्या वड्या रोज उलटायच्या, मोजायच्या, पुन्हा मांडायच्या, असं तिचं चालायचं. एक दिवस एका वडीला दात लागलेले दिसले. उंदीर, असं ठरलं. पिंजरा लावला, त्यात खोबऱ्याचा तुकडा ठेवला. उंदीर काही सापडला नाही, खोबरं मात्र मुंग्यांनी खाल्लं.

साबण वाळला आणि जालन्याला गेला. तिथं निवेदिता मॅडम म्हणून बँकेतल्या एक बाई शिबिरात भेटल्या होत्या. त्यांनी स्वतःसाठी घेतला, बँकेतल्या बायकांनाही दिला. आठवड्यानं त्यांचा फोन आला. बाई फार सभ्य. साबण मऊ आहे म्हणाल्या, कातडी फुटत नाही म्हणाल्या, फेसही चांगला येतो म्हणाल्या. आणि मग बराच वेळ अडखळत म्हणाल्या की, आंघोळ करून बाहेर आलं की घरातले विचारतात, बोकड कुठून आला?

छकुलीनं फोन ठेवला आणि गोठ्याकडे पाहिलं. गोठ्यात पाव्हणा उभा होता.

पाव्हणा म्हणजे घरचा बोकड. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, दाढी अशी की गावच्या पंचांत बसवावा. काम काही करायचं नाही, वेळेवर खायचं आणि खाल्ल्यावर पसरायचं, म्हणून आसराबाईनंच त्याचं नाव पाव्हणा ठेवलं होतं. बोकड वयात आला की त्याला कसला वास येतो, हे ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक. आणि शेळीचं दूध असं हलकं, की शेजारी बोकड बांधला तर त्याचा वास ते पिऊन घेतं. चहात आलं-गवती चहा टाकून तो वास मारता येतो, साबणात मारता येत नाही. छकुलीनं जेवताना सासऱ्यांपुढे गोष्ट काढली: मामा, पाव्हण्याला दुसरीकडे कुठं तरी बांधा, न्हाई तर माझा धंदा बसला.

राधाकिसननं भाकरी मोडता मोडता सांगितलं, "दुसरीकडं कशाला? माघाची पुनव झाली की पुढच्या रविवारी तो म्हसोबालाच जाणार हाय. तवरक दम धर."

आसराबाईचा घास हातातच राहिला. तिला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि वार ठरणं वेगळं.

नवस राधाकिसनचा होता. थोरला गोरक्षनाथ, छकुलीचा नवरा, अंकुशनगरला साखर कारखान्यात हंगामी म्हणून लागला होता. दर हंगामाला जायचा, हंगाम सरला की परत यायचा आणि पुढच्या हंगामापर्यंत घरात तोंड पाडून बसायचा. तेव्हा राधाकिसननं बांधावरच्या लिंबाखालच्या म्हसोबाला हात जोडून सांगितलं होतं की पोरगं कायम होऊ दे, घरात जो पहिला बोकड होईल तो तुला. पोरगं कायम झालं. आणि घरात पहिला बोकड झाला तो पाव्हणा.

आता त्याची आई त्याला जन्म देऊन गेली, हा काही म्हसोबाचा दोष नव्हता. पण मग त्या ओल्या करडाला पदरात गुंडाळून चुलीजवळ कोण बसलं? बाटलीला बोंडलं लावून, रात्रीतून उठून उठून दूध कुणी पाजलं? आसराबाईनं. ती गिरणीत गेली तर पाव्हणा मागं, ती लग्नाच्या मांडवात गेली तर पाव्हणा मागं. एकदा तर तो थेट नवरीच्या मुंडावळ्या खायला गेला होता. खोटं कशाला बोला, आसराबाईला मटण भारी आवडायचं. आखाडात रस्सा झाला की ती दोन वेळा वाटी पुढे करायची आणि नळी चोखताना तिला कुणी हाक मारलेली खपायची नाही. पण आपल्या हातून दूध प्यायलेल्याची नळी चोखायची, हे तिला होणार नव्हतं. आणि नवस मोडा, असं नवऱ्याला म्हणायचीही छाती नव्हती. उद्या पोराच्या नोकरीला काही झालं तर? देवाची तिलाही भीती होतीच. ती रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी फक्त एवढंच म्हणाली की तोवर तरी मी पाव्हण्याला आंघोळ घालत जाईन, सुनेच्या साबणाला वास नको.

यात खरंच काही कावा नव्हता. कावा नंतर सुचला.

करपलेला साबण पोत्यात पडूनच होता. आसराबाईनं त्यातली एक वडी घेतली, चुलीवरचं कोमट पाणी बादलीत काढलं आणि पाव्हण्याला अंगणातल्या खुंट्याला बांधला. पहिल्या तांब्याबरोबर त्यानं असं अंग झाडलं की शेणानं सारवलेल्या भिंतीपासून तुळशीपर्यंत सगळीकडे शिंतोडे, आणि आसराबाई चिंब. साबण लावला तर फेसासकट झाडलं. तिच्या डोळ्यांत फेस गेला. छकुली दारात उभी राहून पोट धरून हसत होती. आसराबाईनं तिला दोन शिव्या दिल्या, बोकडाला चार दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पदरात भुईमुगाच्या शेंगा बांधून आली.

ढोराला शिकवणं तिला नवं नव्हतं. तांब्या ओतायचा. झाडलं तर शेंग नाही. उभा राहिला तर शेंग. पाव्हणा खादाड, आणि खादाडाला अक्कल लवकर येते. दोन-तीन दिवस त्यानं झाडलं, आसराबाईनं शेंगा त्याला दाखवून आपणच खाल्ल्या. मग तो विचारात पडला. मग अर्धंच झाडू लागला, नुसती मान. आणि एका सकाळी तिनं डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खी बादली रिकामी केली, तर पाव्हणा फोटोला बसल्यासारखा उभा. कानातून पाणी गळतंय, दाढीतून पाणी गळतंय आणि डोळे शेंगांवर.

"शाणा माझा वाघ," म्हणून तिनं शेंग पुढे केली आणि हात तसाच थांबला.

म्हसोबाला बोकड द्यायची तिथली रीत अशी: बोकडाला हळद-कुंकू लावायचं, देवाभोवती फिरवायचं आणि डोक्यावर-पाठीवर तांब्यानं पाणी ओतायचं. बोकडानं अंग झाडलं की देवानं घेतला. त्याला झडती देणं म्हणत. मगच सुरी. झडती दिल्याशिवाय बोकडाच्या केसालाही कुणी हात लावायचा नाही, तो माणसांचा अधिकारच नाही. आजवर वस्तीतल्या कुठल्याही बोकडानं झडती द्यायला चहा पिण्याइतकाही वेळ घेतला नव्हता. अंगावर पाणी पडल्यावर कोणता बोकड गप्प उभा राहील?

आसराबाईनं इकडे तिकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. तिनं पाव्हण्याला एक नाही, मूठभर शेंगा दिल्या.

त्या दिवसापासून आंघोळ वाढली. सकाळी एकदा व्हायची ती संध्याकाळीही होऊ लागली. मनाशी तिनं हिशेब पक्का केला होता: आपण नवस मोडत नाही. बोकडाला पळवून लावत नाही, विकत नाही, लपवत नाही. रविवारी त्याला म्हसोबापुढे उभा करणारच आहोत. म्हसोबाला पाहिजे असेल तर तो घेईल. देव आहे तो, त्याला चार शेंगा आड येतात की काय? आणि मुक्या जिवाला आंघोळ घालणं हे कुठल्या पोथीत पाप म्हणून सांगितलंय? इतका चोख विचार केल्यावरही ती लिंबाजवळून जाताना म्हसोबाकडे पाहायचं मात्र टाळत असे.

छकुलीच्या ध्यानात आलंच. पोरगी वजनकाट्यावर चिमूटभर फरक पकडणारी, तिच्यापासून काय लपणार? तिनं एक दिवस पाव्हण्यावर स्वतः तांब्या ओतून पाहिला, तो ढिम्म उभा राहिला, आणि तिनं वळून सासूकडे पाहिलं.

"आत्याबाई, हे तुम्ही मुद्दाम करून राह्यल्या."

"म्या काय केलं? तुझ्याच साबणाला वास येऊन राह्यल्ता. आता येतो का?"

येत नव्हता. पुढच्या खेपेच्या साबणाला नुसता दुधाचा आणि खोबरेलाचा मंद वास होता, निवेदिता मॅडमनी पुन्हा मागवलाही होता. छकुलीनं क्षणभर विचार केला. पाव्हणा गेला तरी तिचं भलंच होतं, राहिला आणि रोज न्हाला तरी भलंच होतं. तिनं ओठ दाबून हसू आवरलं आणि त्या दिवसापासून सासऱ्यांचा पायरव आला की खोकू लागली. घरात कधी नव्हे ते सासू-सुनेत कुजबुज वाढली, ते पाहून राधाकिसन एकदा म्हणाला की दोघी मिळून मला विकून तर न्हाई टाकणार?

एकच गोष्ट आसराबाईला कळत नव्हती. शेंगांचं पोतं हिशेबापेक्षा भराभर उतरत होतं. तिनं छकुलीवर आळ घेतला. छकुलीनं देवाची शपथ घेतली. मग आसराबाईनं ठरवलं, साबण कुरतडणारा उंदीरच हा, आणि पिंजरा फळीवरून काढून पोत्याशी नेऊन ठेवला.

रविवार उजाडला. लिंबाखाली सकाळपासून माणसं जमली. भावकीतली होती, पाहुणे होते, गोरक्षनाथ अंकुशनगरहून रजा टाकून आला होता. एका बाजूला तीन दगडांच्या चुली मांडलेल्या, त्यावर भलीमोठी पातेली. बायकांनी काळा मसाला वाटून ठेवला होता, त्याच्या वासानंच निम्मी माणसं जेवल्यासारखी दिसत होती. पाणी ओतायचा मान कडूबाचा. कडूबा राधाकिसनचा चुलत भाऊ, अंगानं आडवा, जिभेनं तिखट आणि मटणाच्या बाबतीत अतिशय श्रद्धाळू. तो धोतर खोचून तयारच होता.

पाव्हण्याला हळद लावली, गळ्यात झेंडूचा हार घातला. हार त्यानं लगेच खाल्ला. त्याला देवाभोवती फिरवलं. कडूबानं शेजारच्या विहिरीत कळशी सोडली, भरून वर ओढली. पाण्याला हात लावून तो स्वतःच हुडहुडला. थंडी अजून पुरती सरली नव्हती, विहीर खोल, पाणी बर्फ.

आणि त्या क्षणी आसराबाईला आपली आंघोळीची बादली आठवली. कोमट पाणी. सकाळ-संध्याकाळ ती चुलीवरचं कोमट पाणी घालत आली होती, लेकराला घालावं तसं. इतक्या दिवसांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं की म्हसोबापुढे कुणी चूल पेटवून पाणी तापवत नाही. थंडगार पाण्याचा तांब्या पाठीवर पडला तर पाव्हणा काय, दगडही अंग झाडेल. तिला छकुलीकडे पाहावेना. छकुलीचंही तोंड उतरलं होतं. आता व्हायचं ते होणार, असं म्हणून आसराबाईनं पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदा म्हसोबाकडे सरळ पाहिलं.

कडूबानं तांब्या ओतला.

पाव्हणा उभा राहिला.

कातडीवर एक शहारा आला आणि विरला. पाय रोवलेले, मान ताठ, कानांतून पाणी गळतंय. कडूबानं दुसरा तांब्या ओतला, मग तिसरा, मग कळशीच पालथी केली. पाव्हणा तसाच उभा, फक्त डोळे फिरवून माणसांच्या हातांकडे पाहत होता. म्हाताऱ्यांपैकी कुणीसं म्हणालं, असं कधी पाहिलं नव्हतं. कडूबानं कपाळाचा घाम पुसला, त्या थंडीतही त्याला घाम आला होता. मग त्यानं जुन्या माणसांकडून ऐकलेलं सांगितलं: बोकड झडती देत नाही म्हणजे देव रुसला. भावकीत कुणाच्या तरी मनात खोट आहे. ज्याच्या असेल त्यानं इथंच बोलून टाकावं, मग देव घेईल.

कुणी पुढे येईना. चुलीवरचं पाणी उकळून आटू लागलं. शेवटी गोरक्षनाथ पुढे झाला. कारखान्यावर कायम झालो ते दोन महिने आधीच झालो होतो, म्हणाला. घरी उशिरा सांगितलं, तेवढ्या पगारात एक मोबाइल घेतला. बापानं मान हलवली. तांब्या ओतला. पाव्हणा उभाच. मग छकुली आली, खाली मान घालून म्हणाली की पहिल्या खेपेचा वासाचा साबण बेबीनंदाकाकूला चांगला म्हणून दिला होता. बेबीनंदा म्हणजे कडूबाची बायको. ती म्हणाली, तरीच म्हटलं आमच्या ह्यांचा वास वाढला कसा. लोक हसले. तांब्या ओतला. पाव्हणा उभा.

आता सगळे कडूबाकडे पाहू लागले. कडूबानं दोनदा खाकरून कबूल केलं की दादाच्या बाजूचा बांध नांगरताना दरसाल बोटभर आत येतो. राधाकिसन म्हणाला, मला ठाऊक हाय, पुढं बोल.

"पुढं काय?" कडूबा म्हणाला. मग त्यानं पाव्हण्याकडे पाहिलं, चुलीवरच्या आटत चाललेल्या पातेल्याकडे पाहिलं आणि त्याचा धीर सुटला. "ह्यांच्या घरी एकदा दुपारचा गेल्तो. कोणी न्हव्हतं. फळीवर बर्फी मांडलेली दिसली. न इचारता एक उचलली."

"मंग?"

"बर्फी न्हव्हती ती."

लिंबाखाली असा हशा उठला की शेजारच्या शिवारातली माणसं उठून पाहू लागली. संध्याकाळपर्यंत तोंडातून फेस येत होता, असं कडूबानं सांगितलं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. छकुलीनं पदरात तोंड घातलं. उंदीर सापडला होता. पण तांब्या ओतला तरी पाव्हणा जागचा हलला नाही.

हसणं थांबलं आणि सगळ्यांचे डोळे राधाकिसनकडे वळले, कारण नवस त्याचा. तो इतका वेळ लिंबाच्या मुळावर बसून होता. त्यानं एवढंच म्हटलं की माझ्या मनातलं म्हसोबाला ठाऊक आहे. मग राहिली आसराबाई.

एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला पाव्हणा. खरं बोललं तर बोकड जातो, नाही बोललं तर देवापुढे खोटं ठरतं. आणि पोराची नोकरी? ती दगडासमोर उभी राहिली, हात जोडले आणि खरं तेच बोलून गेली.

"म्या ह्याला रोज आंघोळ घालती. सकाळ-संध्याकाळ. साबण लावून."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कडूबा वैतागला. "वैनी, मस्करीची येळ हाय का? आंघोळ घालणं ही काय खोट झाली?"

तिनं पुढे बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात राधाकिसन उठला. "तिला काय इचारता," तो म्हणाला. "बिलकुल भोळी हाय ती. तिच्या मनात काय असणार?"

आसराबाईला राग आला. इतक्या वर्षांच्या संसारात तिला कुणी भोळी म्हटलं नव्हतं, आणि या माणसानं चारचौघांत म्हणावं! पण भोळ्या बाईला पुढे कुणी विचारीना. म्हाताऱ्यांनी आपसांत बोलून निकाल दिला की देवाला हा बोकड नको आहे. देवानं नाकारलेल्या बोकडाला सुरी लावायची नाही, भंडारा लावून सोडून द्यायचा. नारळ फोडला. राधाकिसननं पाव्हण्याचं दावं स्वतःच्या हातानं सोडलं. पाव्हणा सरळ कडूबाच्या हरभऱ्यात शिरला, आणि देवाचा बोकड म्हटल्यावर त्याला हाकलायलाही कुणी धजावेना.

काळ्या मसाल्यात मग बटाटे पडले. कडूबा जेवला, पण सुतकातल्यासारखा.

संध्याकाळी पाहुणे पांगले. गोरक्षनाथ आणि छकुली भांडी परत द्यायला गेली. आसराबाईनं उरलेला रस्सा तापवून नवऱ्याला वाढला आणि समोर बसली. मनातून ती अशी हलकी झाली होती की गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण भोळी शब्द अजून टोचत होता. राधाकिसननं भाकरी रश्श्यात कुस्करली.

"गोरखची माय," तो म्हणाला, "आंघोळ घालायला ना न्हाई. पण कोमट पाणी घालत्यात का? म्हसोबाच्या हिरीचं पाणी कोण तापवून देणार व्हतं?"

आसराबाईच्या हातातली पळी पातेल्यात पडली.

"तू निजलेली असायचीस," तो म्हणाला. "पहाटं उठून मी हिरीचं घालून राह्यल्तो. पयल्या दिशी त्यानं मला पार चिंब भिजवलं. मंग शेंगा नेल्या."

हा माणूस पहाटेच्या थंडीत, अंधारात, बोकडापुढं शेंगा धरून उभा राहत होता, आणि ती उंदराला शिव्या देत होती. तिनं विचारलं, एवढं होतं तर नवस बोललात कशाला?

"बोललो तवा ह्यो जन्मला न्हव्हता," राधाकिसन म्हणाला. "जन्मला न्हाई त्याला द्यायला माणसाचं काय जातं? तू पदरात घेऊन बसलीस, तवा कळलं."

तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत. मग भीती वाटली. आपण दोघांनी मिळून देवाला फसवलं की हो, ती म्हणाली, पोराच्या नोकरीचं काय?

राधाकिसननं मान हलवली. त्यानं ते आधीच उरकलं होतं. लोक कडूबाला हसत होते तेव्हा लिंबाच्या मुळावर बसून त्यानं म्हसोबाशी बोलणं केलं होतं. देवाचं देणं ठेवायचं नाही. बोकड देत नाही तर त्याच्या बदली स्वतःचं काही तरी द्यायचं, आणि लागेल असं द्यायचं.

"मटण सोडलं," तो म्हणाला. "आजपासून. मरस्तोवर."

आसराबाई त्याच्याकडे पाहत राहिली. परतूरच्या बाजारातून मटण आणायला हा माणूस भर उन्हात पायी गेलेला तिनं पाहिला होता. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की जन्मात पहिल्यांदा त्याच्या पाया पडावंसं वाटलं. ती खरंच वाकणार होती.

"दोघांनी," राधाकिसन म्हणाला.

"दोघांनी म्हंजे?"

"तुझ्या वाटचं बी बोलून टाकलं. कोमट का व्हईना, पाणी तू बी घातलं."

आसराबाई ताठ बसली. आखाडातला रस्सा तिच्या डोळ्यांपुढे आला, दुसऱ्यांदा पुढे केलेली वाटी आली, नळी आली. "मला इचारायचं तरी व्हतं," ती म्हणाली.

"तू मला इचारलं व्हतंस?"

तिनं पातेल्यातले बटाटे पळीनं दोन जागी केले, निम्मे त्याच्या ताटात वाढले आणि निम्मे आपल्या.